विकिरण म्हणजे रेडिएशन नव्हे!

अंबड एमआयडीसीतल्या एकांनी विचारलंय की पावडरचे कण मोजायच्या लेझर मशिनच्या मराठी सूचनापत्रात 'प्रकाशाचे विकिरण' असं लिहिलंय, म्हणजे रेडिएशन का, आणि मशिनजवळ उभं राहिलं तर चालेल का.

नाही हो, रेडिएशन नाही! लेझरमधे थेट डोळा घालू नका म्हणजे झालं. हिंदीत रेडिएशनला विकिरण म्हणतात, तिथून ते इकडे घुसलंय आणि आता नाशकात मोबाइल टॉवरच्या तक्रारीतसुद्धा लोक विकिरण विकिरण करतात, ऐकून डोकं फिरतं. मराठीत रेडिएशन म्हणजे प्रारण. विकिरण म्हणजे विखुरणं, शाळेच्या विज्ञानात आकाश निळं का दिसतं तिथे येतं तेच. मशिनमधेही तेच होतं, झोत कणांवर पडून विखुरतो, मोठा कण बराचसा उजेड जवळजवळ सरळच पुढे टाकतो, बारीक कण रुंद कोनात फेकतो, आणि कुठल्या कोनात किती उजेड आला त्यावरून आकार काढतात. कण गोल धरून केलेलं त्यामागचं गणित गुस्ताव मी (Mie) या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाचं, १९०८ चं.

पण खरी गंमत या शब्दाच्या संस्कृत धातूत, म्हणजे मुळात आहे. कॄ म्हणजे विखुरणं, त्यातूनच विकीर्ण, संकीर्ण, किरण, आणि उत्करवरून आपला उकिरडासुद्धा! आणि मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात 'किरण' उघडून बघा, ऋग्वेदातला पहिला अर्थ धूळ, अतिबारीक धूळ, उजेडाची तिरीप नंतर महाभारतापासून. सूर्य जे फेकतो तो किरण अशी व्युत्पत्ती पंडित सांगतात, मला ती अजिबात पटत नाही, त्यात धूळ कुठे गेली? माझं म्हणणं असं की झोत नुसता दिसतच नाही, जुन्या नाशकातल्या वाड्यात झरोक्यातून ऊन आलं की दिसते ती धूळच, म्हणून धुळीचं नाव उजेडाला मिळालं. मनुस्मृतीत तर याच धुळीवरून माप सुरू होतं, जाळीतून आलेल्या उन्हात दिसणारा कण म्हणजे त्रसरेणू, सगळ्यात पहिलं माप, आणि आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, म्हणजे आपली डोक्यातली लीख. उजेडात कण बघून माप ठरवायचं हे तेव्हाच होतं की!

विश्वकोशवाले विकिरण सोडून प्रकीर्णन लिहितात, धातू तोच, पण उगाच जड. सूचनापत्रात विकिरणच राहू द्या.