सहावीतल्या मुलीला पदार्थाच्या अवस्था घरच्या घरी कशा समजावून सांगू?

तुम्ही लिहिलंय की मुलीला 'पाणी ० अंशाला गोठतं आणि १०० अंशाला उकळतं' हे तोंडपाठ आहे, पण 'का?' विचारलं की ती गप्प बसते. मला त्या १०० बद्दल बोलायचंय.

मी महाबळेश्वरची. बाजारात अण्णांची चहाची टपरी होती, त्यामुळे उकळतं पाणी मी पाटी-पेन्सिलीच्या आधी पाहिलं. सातवीत सरांनी प्रयोग घेतला. चंचुपात्रात पाणी, खाली स्पिरिटचा दिवा, स्टँडला टांगलेला थर्मामीटर, दर मिनिटाला तापमान वहीत. पारा चढत चढत ९५ ओलांडून गेला आणि ९६ च्या जरा अलीकडे थांबला. पाणी खळाखळा उकळत होतं, काचेवर थेंब जमत होते, पण पारा हलेना. मी वहीत ९५.५ लिहिलं. बाकी वर्गाने १०० लिहिलं, कारण पुस्तकात १०० होतं. सरांनी माझ्या आकड्यावर लाल काट मारली, वर १०० लिहिलं आणि म्हणाले, "थर्मामीटर बिघडलाय, एवढं कळत नाही?"

दुसऱ्या दिवशी मी गोळेवाल्याकडून ठेचलेला बर्फ डब्यातून शाळेत नेला. त्याला पाणी सुटू दिलं आणि तोच थर्मामीटर त्यात खुपसला. पारा बरोबर शून्यावर येऊन बसला. बर्फ वितळत होता तोवर तिथून हललाच नाही. सरांना दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "परीक्षेत १०० च लिहायचं. वाद नको."

घरी अण्णांना सांगितलं. ते चौथी शिकलेले. म्हणाले, "आपल्याकडं पाणी लवकर उकळतं, पण डाळ शिजत नाही. घाटाखाली पोलादपूरला तुझ्या मावशीकडं तीच डाळ निम्म्या वेळात मऊ होते." उत्कलनांक, म्हणजे द्रव ज्या तापमानाला उकळतो तो आकडा, हा शब्द त्यांना माहीत नव्हता, पण गोष्ट पूर्ण माहीत होती.

पाणी तापलं की वाफेचे बुडबुडे तळापासून फुगायला बघतात आणि वरची हवा त्यांना दाबत असते. आतला जोर बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की बुडबुडा टिकतो, वर येतो आणि पाणी उकळतं. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा जवळपास १५ टक्के कमी असतो, म्हणून पाणी ९५-९६ लाच उकळतं. उकळणाऱ्या पाण्याचा आकडाच कमी, म्हणून डाळ हट्ट करते. कुकरमध्ये बरोबर उलटं होतं. शिटीचं वजन वाफ कोंडतं, दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जातं.

पुढे मुंबईला बीएस्सीला आले. पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत पाणी उकळताना पारा १०० च्या रेघेला टेकलेला पाहिला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर वाचलं की ज्याच्या नावाने आपण अंश मोजतो त्या अँडर्स सेल्सियसने १७४२ मध्येच लिहून ठेवलं होतं: बर्फ वितळण्याचा बिंदू हवेच्या दाबाने हलत नाही, उकळण्याचा हलतो. म्हणजे माझं ० आणि माझं ९५.५, दोन्ही त्याला मान्य झालं असतं.

आता तुमच्या मुलीचं. आधी ठेचलेल्या बर्फाचं भांडं आणि थर्मामीटर तिच्या हातात द्या आणि बर्फ संपेपर्यंत आकडे लिहायला लावा. बाहेरून उष्णता येतेय तरी आकडा हलत नाही, कारण ती सगळी बर्फ मोडण्यात खर्च होतेय. हे तिने स्वतः पाहिलं की अप्रकट उष्मा, म्हणजे हीच आकडा न हलवता खर्च होणारी उष्णता, वेगळा शिकवावा लागत नाही. मग पाणी उकळू द्या आणि गॅस मोठा करा. पाणी जास्त तापत नाही, फक्त लवकर आटतं. किटली असेल तर तोटीच्या अगदी तोंडाशी बघायला सांगा. पांढरा लोट सुरू होण्याआधी बोटभर जागा रिकामी दिसते. खरी वाफ तिथे आहे आणि ती दिसत नाही. पांढरं दिसतं ते पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब. 'वाफ पांढरी असते' असं मुलांना सांगणं थांबवा. संप्लवनासाठी, म्हणजे घन पदार्थ द्रव न होता थेट हवेत विरतो ते दाखवायला, देवघरातला कापूर उघडा ठेवून चार दिवसांनी बघा, पुरे.

तापाचा थर्मामीटर गरम पाण्यात घालू नका, फुटतो. स्वयंपाकाचा डिजिटल घ्या, त्याचं टोक तळाला टेकू देऊ नका आणि गॅसजवळ तुम्ही उभं राहा. पुस्तकातला १०० खोटा नाही, तो समुद्रसपाटीच्या दाबाचा आहे. परीक्षेत तिने तेवढे शब्द जोडून १०० लिहावं. आणि सरांची शंका अगदीच चूक नव्हती, हेही मान्य करते. बर्फात शून्य दाखवणारा थर्मामीटर वरच्या टोकाला चुकू शकतो. पण मग दुसरा थर्मामीटर आणायचा असतो, मुलीचा आकडा खोडायचा नसतो.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलं नाहीत. पुण्यात असाल तर ९८ च्या आसपास येईल. जो येईल तो तिला तारीख घालून वहीत लिहू द्या. शाळेत कोणी त्यावर काट मारली, तर बर्फाचा डबा घेऊन तिच्याबरोबर तुम्ही जा. मी एकटी गेले होते, कारण अण्णांना टपरी बंद ठेवणं परवडत नव्हतं.