वाचकांचे प्रश्न : टक्के खरे, पण कशाचे?

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या विद्यार्थ्यांना आपल्या विद्याशाखेबाहेरचा खुला ऐच्छिक विषय घ्यावा लागतो. कला शाखेच्या मुलांसाठी त्यात ‘व्यवहारातले गणित’ ठेवता येते. या वेळचे प्रश्न त्याविषयीच आहेत.

मी इतिहास शिकवते. यंदा व्यवहारातल्या गणिताचा दोन श्रेयांकांचा, 30 तासांचा विषय माझ्याकडे आला आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांनी दहावीनंतर गणिताला हात लावलेला नाही. अपूर्णांकांच्या उजळणीपासून सुरुवात करू का? (प्राध्यापिका, बार्शी)

नको. उजळणी सुरू केली की दहावीत बसलेली धास्ती पहिल्याच तासाला परत येते, आणि ती मुले पुन्हा तोंड उघडत नाहीत. त्याऐवजी प्रत्येकाला घरचे वीजबिल आणायला सांगा. महावितरणच्या घरगुती दरांत 100, 300 आणि 500 युनिटांवर टप्पे बदलतात. समजा पहिल्या 100 युनिटांना 5 रुपये आणि पुढच्या टप्प्याला 10 रुपये असा सोपा दर धरला. 110 युनिटांचे किती? बरीच मुले 1,100 सांगतील, कारण ‘वरच्या टप्प्यात गेलो की सगळ्याच युनिटांना वरचा दर’ हा समज घरोघरी आहे. खरे उत्तर 500 अधिक 100, म्हणजे 600. वाढीव दर फक्त वरच्या 10 युनिटांना लागतो. प्राप्तिकराचे टप्पेही याच रीतीने चालतात, हे लगेच जोडून सांगा.

दुसऱ्या दिवशी दुकानाची पावती घ्या. 18 टक्के जीएसटी धरून किंमत 1,180 रुपये. कर वगळून किती? मुले 1,180 चे 18 टक्के, म्हणजे 212.40 काढून 967.60 लिहितात. कर मूळ 1,000 वर लागला होता, 1,180 वर नाही. म्हणून वजाबाकी नाही, 1.18 ने भागाकार. ‘टक्के कशाचे?’ हा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि सत्र संपेपर्यंत पुसू नका. अपूर्णांक लागतील तेव्हा, लागतील तेवढेच शिकवा.

तासांची वाटणी अशी बसते: टक्के आणि त्यांचा पाया 8, व्याज व हप्ते 8, मोजमाप आणि अंदाज 5, सरासरी व आलेख 5, शक्यता 4. मोजमापाला सातबारा उत्तम. त्यावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असते आणि बोलण्यात गुंठे. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, एक गुंठा 1,089 चौरस फूट, म्हणजे सुमारे 101.17 चौरस मीटर. फरक किरकोळ वाटतो, पण 40 आर आणि 40 गुंठे यांत तो सुमारे 504 चौरस फुटांचा होतो. दोन खोल्यांचे घर त्यात बसते.

आईच्या बचत गटात ‘दोन टक्क्यांनी’ कर्ज मिळते. गाडीच्या शोरूममध्ये 60,000 रुपयांना ‘फक्त 12 टक्के’ सांगतात. प्रकल्पासाठी तुलना करायची आहे. गटाचे दर महिन्याचे दोन, म्हणजे वर्षाचे 24. मग शोरूम निम्म्याने स्वस्त ना? (विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला, पाचोरा)

दरमहा दोनचे वर्षाला 24 हे तुम्ही बरोबर धरले. गावात ‘दोन टक्के’ म्हणजे शेकडा दरमहा दोन रुपये, हे अनेक पाठ्यपुस्तकी गणितांत येतच नाही. पण उरलेली तुलना फसवी आहे.

शोरूमचा दर सपाट आहे, म्हणजे व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर. मुदत दोन वर्षांची धरू. 60,000 वर 12 टक्क्यांनी दोन वर्षांचे व्याज 14,400, एकूण 74,400, 24 ने भागून हप्ता 3,100. आता गट. समजा दरमहा 2,500 मुद्दल फेडायचे आणि व्याज फक्त उरलेल्या बाकीवर. पहिल्या महिन्याचे व्याज 1,200, दुसऱ्याचे 1,150, तिसऱ्याचे 1,100, असे उतरत शेवटच्या महिन्याला 50. वहीत 24 ओळी मांडून बेरीज करा: बरोबर 15,000.

म्हणजे ‘12’ आणि ‘24’ यांत दोन वर्षांत फरक पडला 600 रुपयांचा. कारण असे की सपाट दरात तुम्ही मुद्दल फेडत जाता, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण 60,000 वरच लावलेले असते. तुमच्याकडे सरासरी राहिलेली रक्कम मात्र निम्म्याहून थोडीच जास्त असते. शोरूमचा घटत्या बाकीवरचा खरा दर निघतो वर्षाला सुमारे 21.6 टक्के. एक ते तीन वर्षांच्या मासिक हप्त्यांसाठी सपाट दराची साधारण पावणेदोन ते 1.8 पट केली की खऱ्या दराच्या जवळ पोहोचता येते.

नेमका आकडा संगणकावर काढा. एक्सेलमध्ये ‘रेट’ नावाचे सूत्र आहे. त्यात क्रमाने 24, उणे 3100 आणि 60000 भरा. महिन्याचा दर 1.798 टक्के येईल, त्याला 12 ने गुणा. हप्त्यापुढचे उणे चिन्ह विसरले की उत्तराऐवजी चूक दाखवली जाते, कारण पैसे आत येणे आणि बाहेर जाणे यांची चिन्हे उलट हवीत.

आता फाइल चार्जेस विचारा. समजा 1,500 रुपये आधीच कापले, तर हातात आले 58,500 आणि हप्ता तोच 3,100. याच सूत्रात 60000 च्या जागी 58500 घाला. दर 24.2 टक्क्यांवर जातो, म्हणजे शोरूम गटापेक्षा महाग. शिवाय गटाचे व्याज गटाच्याच निधीत पडते, त्यात आईचाही वाटा असतो. उलट बाजूही प्रकल्पात लिहा: गटाचा पहिला हप्ता 3,700 चा आहे आणि तो झेपला पाहिजे.

1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जांना मुख्य माहितीचे पत्रक द्यायचे असते. त्यात शुल्क धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. सहीआधी ते मागा. प्रकल्पात तो आकडा आणि तुमचा आकडा शेजारीशेजारी मांडलात, तर गुण द्यायला आम्हाला आनंद होईल.

या विषयाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर द्यावा का? (प्राचार्य, सातारा जिल्हा)

जरूर द्यावा. मात्र प्रत्येक उदाहरणात आधी अंदाज लिहून घ्या आणि त्याला वेगळा गुण ठेवा. 4,870 चे 19 टक्के म्हणजे 5,000 च्या पाचव्या भागाच्या आसपास, हजाराच्या आत. ज्याने हे लिहिले, तो कॅल्क्युलेटरवर 9,253 दिसले तर थांबेल आणि दशांशचिन्ह तपासेल. उत्तराखाली एक वाक्यही मागा: हा आकडा कशाचा, किती काळाचा.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. ही वाढ अडीच टक्के की साडेबासष्ट? (वाचक, डोंबिवली)

दोन्ही आकडे बरोबर, पाया वेगळा. दरातला नुसता फरक अडीच टक्केबिंदू, बँकेच्या भाषेत 250 बेसिस पॉइंट. मूळ 4 च्या तुलनेत ही वाढ 62.5 टक्के.

पण घरी कामाचा तिसराच आकडा. 30 लाखांचे गृहकर्ज, 20 वर्षे, दर 7 टक्के: हप्ता सुमारे 23,259. दर अडीच बिंदूंनी वाढून साडेनऊ झाला, तर तेवढ्याच मुदतीत हप्ता 27,964, म्हणजे 20 टक्क्यांची वाढ. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवू म्हणाल, तर आधी एक गुणाकार करा. 30 लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज 23,750 होते. जुना 23,259 चा हप्ता व्याजालाच पुरत नाही. मुदत कितीही वाढवा, मुद्दल उतरण्याऐवजी दरमहा वाढत जाईल.

असे होऊ नये याची काळजी कर्ज देणाऱ्याने घ्यायची, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये सांगितले. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, ही निवडही कर्जदाराला दिली आहे. दर बदलल्याचे पत्र आले की हाच गुणाकार करा: उरलेले मुद्दल गुणिले नवा दर, भागिले 1200. उत्तर तुमच्या हप्त्याच्या जवळ आले असेल, तर हप्ता वाढवून मागा.