आवडत्या पुस्तकांची भिंत मांडताना

गावकऱ्यांच्या आवडत्या पुस्तकांची भिंत उभारण्याचा तुमचा विचार उत्तम आहे. मात्र पुस्तके प्रत्यक्ष गोळा करू नयेत, कारण कोकणातल्या दमट हवेत त्यांना बुरशी आणि कसर लागते व मग ती कोणत्या तोंडाने परत करायची, हा प्रश्न उरतो. त्याऐवजी प्रत्येकाकडून हातभर लांबीच्या प्लायवुडच्या पट्टीवर पुस्तकाचा कणा रंगवून घ्यावा. रंग ॲक्रिलिकच असावेत. पोस्टर रंग पाण्याचा शिंतोडाही सोसत नाहीत.

नावे विचारण्यासाठी जून-जुलै हा काळ सोयीचा, कारण मासेमारी बंद असल्याने बंदरावरची माणसे जाळी दुरुस्त करत बसलेली सापडतात. ‘आवडते पुस्तक कोणते?’ असे विचारल्यास बहुतेक जण ‘आम्ही कुठे वाचतो’ म्हणून हात झटकतात. म्हणून ‘घरात कोणते पुस्तक जपून ठेवले आहे?’ असे विचारावे. मग पोथी निघेल, पंचांग निघेल, एखादी आजी हाताने उतरवलेली भजनांची वहीच पुढे करील, आणि माझ्या मते त्या वहीलाही पट्टी मिळालीच पाहिजे. कुणाला नाव अर्धवटच आठवत असेल, तर १८२८ साली स्थापन झालेल्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयात चौकशी करावी. मांडणी गणपतीत ठेवावी, चाकरमानी तेव्हा घरी असतात.