२९९ रुपयांचा टी-शर्ट आणि त्यामागचे प्रश्न

तयार कपड्यांच्या धंद्यातली बालमजुरी आणि कामगारांचे हक्क यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांतले सहा इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

मुलासाठी २९९ रुपयांचा टी-शर्ट घेतला. तो लहान मुलांच्या हातून आलेला नाही, हे लेबलवरून कळतं का? (वाचक, पुणे)

नाही. लेबलवर ज्या देशाचं नाव असतं, तिथे फक्त शेवटची शिलाई झालेली असते. त्याआधी बियाणं, कापूस, जिनिंग, सूतगिरणी, निटिंग, डाइंग, कटिंग असा लांबचा प्रवास झालेला असतो आणि त्याबद्दल लेबल गप्प असतं.

भारतातल्या किंवा बांगलादेशातल्या मोठ्या निर्यात कारखान्यात, शिलाईच्या लाइनवर आज दहा-बारा वर्षांचं मूल क्वचित दिसतं. खरेदीदाराची माणसं तिथे येऊन जातात. जिथे ती जात नाहीत तिथे मुलं असतात. एक टोक बियाण्याच्या शेतात आणि सूतगिरणीच्या वसतिगृहात, तर दुसरं टोक कारखान्यातून बाहेर दिलेल्या जॉबवर्कमध्ये. टिकल्या, मणी, जरी आणि धागे कापण्याचं काम ठेकेदार उचलतो, तो ते पोटठेकेदाराला देतो आणि शेवटी ते एखाद्या गल्लीतल्या माळ्यावर जाऊन पोचतं. २००७ मध्ये दिल्लीच्या शाहपूर जाटमध्ये गॅप या अमेरिकी कंपनीचे लहान मुलांचे ब्लाउज मुलंच भरतकाम करून तयार करताना सापडली, तेही अशाच माळ्यावर. कंपनीने माल मागे घेतला आणि काम परवानगीशिवाय बाहेर दिल्याचं सांगितलं. तसं दिलं जातंच, कारण ठरलेल्या दरात आणि मुदतीत ते काम कारखान्याच्या आत बसत नाही.

सूतगिरणीचं उदाहरण तामिळनाडूचं. कोइम्बतूर, तिरुपूर, दिंडिगुल या पट्ट्यातल्या गिरण्यांमध्ये ‘सुमंगली’ नावाने एक योजना चालायची. मुलीने तीन वर्षं वसतिगृहात राहून काम करायचं आणि शेवटी लग्नासाठी ३० ते ५० हजारांची एकरकमी रक्कम घ्यायची. त्यात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीही असत. ही रक्कम म्हणजे तिच्याच पगारातून अडवून ठेवलेले पैसे. आजारी पडून ती चौतिसाव्या महिन्यात घरी गेली, तर बहुतेक वेळा सगळंच बुडायचं. नाव मात्र सुमंगली!

घरबसल्या काय करता येईल? साधा टी-शर्ट असेल तर कापडावरून काहीच कळणार नाही. टिकल्या-मणी असतील तर कपडा उलटा करून बघा. मशीनच्या भरतकामात मागे बॉबिनचा वेगळा, बहुधा पांढरा धागा दिसतो आणि टाके एकसारखे असतात. आरीच्या हातकामात एकच धागा असतो. पुढे साखळी आणि मागे धावदोऱ्यासारखी रेघ दिसते. हातकाम दिसलं म्हणजे मुलांनीच केलं असा निष्कर्ष काढू नका. काम कारखान्याबाहेर गेलं असण्याची शक्यता वाढते, एवढंच. मग त्या ब्रँडच्या संकेतस्थळावर पुरवठादारांची यादी आहे का ते बघा. नुसते शिलाईचे कारखाने दिलेत की गिरण्या आणि डाइंगही? ओपन सप्लाय हब या खुल्या नकाशावर कारखान्याच्या नावाने शोधता येतं. किमतीवरून मात्र काही ठरवू नका. २९९ आणि २,९९९ चा माल एकाच लाइनवर शिवला जाऊ शकतो.

माझं शालेय गणवेश शिवण्याचं युनिट आहे, २५ मशीन. मोठा खरेदीदार कामगारांच्या वयाचे पुरावे मागतो आहे. दोन हेल्पर पंधरा-सोळा वर्षांचे आहेत. त्यांना लगेच काढावं का? (वाचक, सोलापूर)

लगेच काढू नका. आधी कायदा काय म्हणतो ते बघू. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही. घरच्या उद्योगात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत केलेली मदत आणि बालकलाकार, एवढेच अपवाद आहेत. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक यादीतलं काम देता येत नाही. इतर काम देता येतं, पण अटी कडक आहेत: सलग तीन तासांहून जास्त काम नाही, मग किमान एक तास विश्रांती, विश्रांती धरून दिवसाचे एकूण सहा तास, संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम बंद, ओव्हरटाइम अजिबात नाही, आठवड्याला एक सुट्टी. त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. त्यात नाव, जन्मतारीख, कामाचे तास, विश्रांतीची वेळ आणि कामाचं स्वरूप लिहायचं. त्यांना कामावर घेतल्यापासून तीस दिवसांत निरीक्षकाला लेखी कळवावं लागतं. आठ तासांच्या लाइनवर हे वेळापत्रक बसवणं जवळजवळ अशक्य आहे, म्हणून बहुतेक निर्यातदार अठराची अट घालतात.

चौदाखालचं मूल कामावर सापडलं, तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यामुळे हा कायदा गेला असा काहींचा समज आहे. तो त्या संहितांमध्ये घातलेलाच नाही.

वयाच्या पुराव्यात आधार कार्डावर विसंबू नका. जन्मतारखेचा पुरावा म्हणून ते पुरेसं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं आहे. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र घ्या. ते नसेल तर नगरपालिका, महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. मूळ कागद बघून प्रत ठेवा आणि मूळ लगेच परत करा. कामगाराचे मूळ कागद अडकवून ठेवणं ही वेठबिगारीची खूण मानली जाते.

आता त्या दोघांचं. उद्या काढून टाकलंत तर तुमची फाइल स्वच्छ होईल आणि ती मुलं परवापासून कुठल्यातरी खोलीत पीस रेटवर बसतील. योग्य पद्धत अशी: लाइनवरचं काम थांबवा, शाळेत किंवा आयटीआयमध्ये प्रवेश मिळवून द्या, वय भरेपर्यंत घरी ठरलेली रक्कम जाऊ द्या आणि घरातल्या एखाद्या प्रौढाला ती जागा देऊ करा. अठरा पूर्ण झाल्यावर परत घेण्याचं लेखी द्या. या खर्चातला वाटा खरेदीदाराकडे मागा. नियम त्याचा आहे, तर थोडा भार त्यानेही उचलावा. तपासणीच्या दिवशी दोघांना सुट्टी देऊन टाकायची ही नेहमीची युक्ती करू नका. तपासनीस हजेरीपट, पगारपत्रक आणि कटिंगचे आकडे एकमेकांशी ताडून बघतो, आणि खोटी नोंदवही सापडली की ऑर्डर जातेच.

रोजच्या दुकानांत बांगलादेशी कपडेच जास्त दिसतात. राणा प्लाझानंतर ते घेणं बंद करावं असं वाटतं. बरोबर आहे का? (वाचक, लेस्टर)

हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. १९९२ मध्ये अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी मुलांनी बनवलेल्या मालाची आयात रोखणारं विधेयक आणलं. ते कधी संमत झालं नाही. पण त्याच्या धसक्याने १९९३ मध्ये ढाक्याच्या कारखान्यांनी मुलांना रातोरात काढलं. युनिसेफच्या अंदाजाने ती सुमारे ५० हजार होती, बहुतेक मुली. शाळेत फार थोड्या गेल्या. बऱ्याच जणी खडी फोडायला, रस्त्यावर विकायला, काही वेश्याव्यवसायात गेल्या. शहाणपण मागाहून आलं. ४ जुलै १९९५ ला कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. चौदाखालचं नवं मूल घ्यायचं नाही, असलेल्यांना खास शाळेत घालायचं, महिना ३०० टाका द्यायचे आणि घरातल्या प्रौढाला काम द्यायचं, असं त्यात ठरलं.

राणा प्लाझाची गोष्ट निराळी. ढाक्याजवळच्या सावरमधल्या त्या आठ मजली इमारतीला २३ एप्रिल २०१३ ला तडे दिसले. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. न आल्यास पगार कापू, अशी धमकी होती. २४ तारखेला सकाळी वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि इमारत कोसळली. १,१३४ माणसं मेली. वरचे मजले बेकायदा चढवलेले होते. तिथल्या काही कारखान्यांची सामाजिक तपासणी (कामगारांच्या परिस्थितीची तपासणी) झालेली होती, पण इमारतीचे खांब कोणी बघायचे हे त्या तपासणीत नव्हतंच. जी तपासणी कारखानदार किंवा ब्रँड स्वतःच्या पैशाने, आधी कळवून आणि गुप्त अहवालाने करतो, तिच्याकडून याहून जास्त अपेक्षा करू नये, असं आमचं मत आहे.

खरा फरक पडला तो त्यानंतरच्या कराराने. मे २०१३ मध्ये ब्रँड आणि जागतिक कामगार संघटनांनी ‘अ‍ॅकॉर्ड’वर सह्या केल्या. तो कायद्याने बांधणारा होता. स्वतंत्र अभियंते कारखाने तपासत आणि अहवाल जाहीर होत. कुलपाची सरकती गेटं काढून आगीचे दरवाजे बसवावे लागले. सुरक्षित नसलेल्या इमारतीत शिरायला नकार देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. दुरुस्ती न करणाऱ्या कारखान्याची ऑर्डर बंद. आणि ब्रँडने दिलेला शब्द पाळला नाही, तर त्याला लवादात खेचता येई. संघटनांनी हेगच्या लवादात दोन ब्रँडना खरोखर खेचलं, आणि एका प्रकरणात २०१८ मध्ये २३ लाख डॉलरवर तडजोड झाली. पुढे हाच नमुना २०२३ पासून पाकिस्तानातही लागू झाला.

पगाराचं दुखणं मात्र तसंच आहे. २०२३ मध्ये ढाक्यात कामगार महिना २३ हजार टाका मागत होते, किमान वेतन ठरलं साडेबारा हजार. म्हणून बहिष्कारापेक्षा दुकानाला पत्र लिहिलेलं बरं: तुम्ही अ‍ॅकॉर्डवर सही केली आहे का? पाकिस्तानच्या करारावरही? ऑर्डर दिल्यावर दर कमी करता का? आणि तुमच्याच गावाकडे बघायचं तर, २०२० मध्ये लेस्टरमधल्या शिलाई कारखान्यांत तासाला साडेतीन पौंड दिले जात असल्याचं उघड झालं, तेव्हा तिथलं किमान वेतन ८.७२ पौंड होतं. त्या कपड्यांचं लेबल ब्रिटनचं होतं.

कपाशीच्या बियाण्यात मुलांचा काय संबंध? आम्ही तर पाकीट दुकानातून आणतो. (कापूस उत्पादक, अकोला)

संकरित बियाण्याचा एकेक दाणा हाताने तयार होतो. सीड प्लॉटवर दुपारनंतर मादी ओळीतल्या, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या शोधायच्या, नखाने पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी सोलून काढायची, मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही आणि खुणेला कागद किंवा दोरा अडकवायचा. सकाळी नराची फुलं तोडून त्यांचे पराग त्यावर घासायचे. याला क्रॉसिंग म्हणतात. दोन-अडीच महिने हे रोज चालतं. एखादं पुंकेसर राहून गेलं तर स्वपरागण होतं, कंपनीच्या चाचणीत शुद्धता कमी भरते आणि आख्खा लॉट नाकारला जातो. तोटा शेतकऱ्याचा. दर कंपनीने आधीच ठरवलेला असतो आणि खर्चाचा मोठा भाग मजुरीचा, त्यामुळे उरतं ते मजुरीतूनच काढायचं. इथे मुलं येतात. उत्तर गुजरातच्या प्लॉटवर राजस्थानातल्या डुंगरपूर-उदयपूरकडची आदिवासी मुलं मुकादमाच्या उचलीवर आणली जात. त्यावर ओरड झाल्यावर काही ठिकाणी प्लॉट भागियांकडे, म्हणजे वाट्याने शेत कसणाऱ्यांकडे गेले. आता त्यांचीच मुलं क्रॉसिंग करतात आणि कागदावर ती ‘घरची मदत’ ठरते. शाळेच्या वेळात केलेली मदत कायद्यातल्या घरच्या उद्योगाच्या सवलतीत बसत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफच्या २०२५ च्या अहवालात जगभरात १३ कोटी ८० लाख बालमजूर मोजले आहेत. त्यातले ६१ टक्के शेतीत.

बहीण बेंगळुरूला गारमेंटमध्ये आहे. ओव्हरटाइम आणि पीएफ बरोबर मिळतो का, हे कसं तपासायचं? (वाचक, बेळगाव)

पगाराची स्लिप घेऊन बसा. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आहेत. भागिले २६ म्हणजे दिवसाचे ५००, भागिले ८ म्हणजे तासाचे ६२.५०. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे १२५. महिन्यात वीस तास जादा केले तर २,५०० यायला हवेत. १,२५० आले असतील तर एकेरी दर लावलाय. ‘टार्गेट पूर्ण झालं नाही म्हणून थांबलात’ असं सांगून हे तास हजेरीतच न घेणं ही त्याहून वाईट चाल. तिने तारीख, आत-बाहेरची वेळ आणि पीस रोज वहीत लिहावेत.

टार्गेटचाही हिशेब आहे. कफ जोडायला ०.६ मिनिट धरलं, तर शंभर टक्के वेगाने तासाला शंभर नग होतात. नव्या शैलीच्या पहिल्या दोन दिवसांत लाइन निम्म्यावरही येत नाही. तेव्हाच शंभर मागणारा सुपरवायझर चुकीचं मागतो आहे.

पीएफ बारा टक्के, म्हणजे इथे १,५६०. मालकाचाही तेवढाच वाटा, पण त्यातला काही भाग पेन्शन खात्यात जातो, म्हणून पासबुकात कमी दिसतो. ती चोरी नव्हे. दर महिन्याची नोंद आहे ना ते उमंग अ‍ॅपवर बघा. नोकरी बदलताना नवा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) काढू देऊ नका, जुनाच द्या. आधारवरचं नाव आणि कंपनीतलं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी पैसे अडकतात. या पीएफची किंमत बेंगळुरूच्या बायकांना चांगली ठाऊक आहे. २०१६ मध्ये मालकाचा वाटा ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाही असा नियम आला, तेव्हा एप्रिलमध्ये हजारोजणी रस्त्यावर उतरल्या आणि केंद्राने तो मागे घेतला. पाच वर्षं भरत आली की राजीनामा लिहून घेऊन नव्याने भरती दाखवतात, तिथे सावध राहायला सांगा. १३,००० वर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी ३७,५०० होते.

शेजारच्या गाळ्यात मुलं जरीकाम करताना दिसतात. कुठे सांगायचं? (वाचक, मुंबई)

१०९८ किंवा ११२ वर फोन करा, किंवा केंद्राच्या ‘पेन्सिल’ पोर्टलवर तक्रार टाका. पत्ता मजल्यासह द्या. जिना कुठून आहे, साधारण किती मुलं, अंदाजे वय, कामाची वेळ आणि मुलं रात्री तिथेच झोपतात का, हे सांगा. स्वतः आत जाऊन जाब विचारू नका. तासाभरात गाळा रिकामा होतो. मुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, त्यांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सोडवलेल्या मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे नेलं पाहिजे. उचल देऊन आणलेलं मूल असेल तर वेठबिगार म्हणून मुक्ती प्रमाणपत्राचा आग्रह धरा. ते जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी देतात. त्यावर तातडीची ३० हजारांपर्यंतची मदत आणि पुढे मुलांसाठी दोन लाखांचं पुनर्वसन मिळतं, पण ती मोठी रक्कम बहुधा मालकाला शिक्षा झाल्यावरच हातात येते. म्हणून खटल्याचा क्रमांक लिहून ठेवा आणि मूल गावी परत गेलं तरी तो घरच्यांकडे पोचवा.