चुंबकत्व अतिसंवाहकतेचा शत्रू, मग तेच जोड्या कसं बांधतं?

कराडच्या एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: चुंबकीय अशुद्धी मिसळली की अतिसंवाहकता, म्हणजे शून्य रोधाने वीज वाहणं, मरते असं शिकवलं जातं, मग कॉपर ऑक्साइडमध्ये स्पिन (इलेक्ट्रॉनचं इवलंसं अंगभूत चुंबकत्व) फ्लक्चुएशनच इलेक्ट्रॉनच्या जोड्या बांधतात असं का म्हणतात?

तुम्हाला शिकवलेलं खरं आहे, पण ते शिसं, कथील, नायोबियम यांना लागू पडतं. तिथे स्फटिकाच्या कंपनांमुळे इलेक्ट्रॉनांत ओढ तयार होते, जोड्या बनतात आणि त्याच अतिसंवाहकता देतात. जोडीतले स्पिन परस्परविरुद्ध असतात. चुंबकीय अणू त्यातला एक पलटवतो आणि जोडी फुटते.

बेडनोर्झ आणि म्युलर यांनी १९८६ मध्ये शोधलेल्या कॉपर ऑक्साइड अतिसंवाहकांच्या कुळाची सुरुवातच चुंबकत्वातून होते. शुद्ध लँथनम कॉपर ऑक्साइड हा विद्युतरोधक. प्रत्येक तांब्यावर एक सुटा स्पिन, आणि शेजारचा त्याच्या उलट, बुद्धिबळाच्या पटासारखा. शेजाऱ्यांना उलटं ठेवणारी ही ऊर्जा तापमानात मोजली तर १५०० केल्व्हिनच्या आसपास जाते. थोडं स्ट्रॉन्शियम घालून इलेक्ट्रॉन काढले, की दोनेक टक्क्यांतच पटाची शिस्त मोडते. पण शेजाऱ्याच्या उलट राहण्याचा कल मरत नाही. थोड्या अंतरापुरता, थोड्या वेळापुरता टिकतो. स्पिन फ्लक्चुएशन म्हणजे हेच. न्यूट्रॉन विकिरणात ते (π, π) या, म्हणजे पटासारख्या एकाआड एक नक्षीच्या, संवेगाभोवती दिसतं.

आता खरी गोम, इथे घाई करू नका. हे फ्लक्चुएशन संवेग-अवकाशात इलेक्ट्रॉनांमध्ये ओढ निर्माण करत नाही, प्रतिकर्षणच करतं. बीसीएसचं (जोड्यांवर उभ्या असलेल्या मूळ सिद्धांताचं) गॅप समीकरण काढा; गॅप म्हणजे जोडी फोडायला लागणारी ऊर्जा, पण तिला चिन्हही असतं: उजवीकडे उणे चिन्ह आहे. प्रतिकर्षण (π, π) पाशी सर्वांत तीव्र असेल, आणि तेवढ्या संवेगाने जोडलेल्या दोन ठिकाणी गॅपचं चिन्ह उलट असेल, तर दोन उणे मिळून अधिक होतात आणि उत्तर निघतं. (π, 0) ला अधिक, (0, π) ला उणे, कर्णावर शून्य: हाच डी-वेव्ह गॅप. अशा जोडीतले दोन इलेक्ट्रॉन एकाच तांब्यावर कधी येत नाहीत, म्हणून त्यांचं तीव्र प्रतिकर्षणही टळतं. मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

चिन्ह खरोखर बदलतं हे १९९४ मध्ये त्सुई आणि कर्टली यांनी तीन स्फटिक जोडलेल्या वायबीसीओच्या (यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडच्या) कड्यात अर्धा फ्लक्स क्वांटम, म्हणजे चुंबकीय प्रवाहाच्या नेहमीच्या एककाचा अर्धा भाग, मोजून दाखवलं. आणि तुमचा नियम इथे उलटतो: तांब्याच्या जागी अचुंबकीय जस्त घातलं, तर वायबीसीओचं संक्रमण तापमान चुंबकीय निकेलपेक्षाही वेगाने पडतं. अधिक-उणे सरमिसळ करायला साधी धडकही पुरते.

तरी वाद मिटला असं समजू नका. डी-वेव्ह पक्कं, त्याचं कारण अजून वादात. सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी २००७ मध्ये जोडणाऱ्या मध्यस्थाची गरजच नाकारली होती. माझा कल स्पिनकडे आहे, कारण २०११ पासूनच्या क्ष-किरण प्रयोगांत अतिसंवाहक नमुन्यांतही स्पिनच्या लाटा मूळ विद्युतरोधकाइतक्याच जोमदार दिसल्या.

प्रयोगशाळेत भट्टी असेल तर वायबीसीओच्या दोन गोळ्या करा. एक ऑक्सिजनमध्ये सावकाश थंड करा, दुसरी ९०० अंश सेल्सिअसवरून झटकन बाहेर काढा. द्रव नायट्रोजन मिळतो; आपल्याकडे गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो गावोगाव जातो. पहिली चुंबक तरंगवेल. दुसरीत ऑक्सिजन कमी पडल्यामुळे ती ७७ केल्व्हिनला काहीच करणार नाही. ऑक्सिजन पुरता काढला तर तांब्याचे स्पिन पुन्हा पटासारखे बसतात. मग तीच गोळी ऑक्सिजनमध्ये ४५० ते ५०० अंशांना बराच वेळ ठेवून परत तपासा.