क्रॉस-प्लॅटफॉर्म लायब्ररीतला आतला कोड टेस्ट करायला सगळं पब्लिक करावं लागतं का?

म्हणजे तुझी सी प्लस प्लसची लायब्ररी आहे, आतल्या फंक्शनच्या टेस्ट लिनक्सवर गुमान चालतात, विंडोजवर लिंक करताना एलएनके २०१९ (LNK2019, म्हणजे फंक्शन सापडत नाही असा लिंकरचा एरर) येतो, आणि तू आता सगळंच एक्स्पोर्ट करायला, म्हणजे लायब्ररीबाहेरच्यांना उघडं करायला निघालायस. नको भावा. एकदा एक्स्पोर्ट केलेलं लोक वापरायला लागतात, मग ते बदलायची चोरी.

लिनक्सवर चालतंय कारण जीसीसी स्टॅटिक नसलेलं सगळं फंक्शन डीफॉल्टनं उघडंच ठेवतो, विंडोजच्या डीएलएलमधनं (तिथली शेअर्ड लायब्ररी) मात्र तू सांगशील तेवढंच बाहेर येतं. म्हणजे चूक विंडोजची नाही, लिनक्सवर आपण फुकटात चालवून घेत होतो. तिथं पण कंपायलरला सांगून व्हिजिबिलिटी हिडन कर, म्हणजे सांगितलेलं सोडून बाकी झाकलेलं राहील, दोन्हीकडं सारखंच मोडेल, आणि ते बरंच.

उपाय सोपा आहे. सीमेकमध्ये (CMake, बिल्ड करायचं टूल) सगळ्या सोर्स फायलींची एक ऑब्जेक्ट लायब्ररी कर, म्हणजे नुसत्या कंपाइल केलेल्या फायलींचा गठ्ठा, तीच शेअर्ड लायब्ररीला जोड आणि तीच टेस्टला जोड. टेस्ट डीएलएलच्या दारातनं जातच नाही, त्यामुळं एक्स्पोर्टचा प्रश्नच येत नाही. दोन ठिकाणी अडकशील: लिनक्सवर त्या ऑब्जेक्ट लायब्ररीला पोझिशन इंडिपेंडंट कोड (मेमरीत कुठंही बसला तरी चालणारा, शेअर्ड लायब्ररीला तसाच लागतो) चालू कर, आणि विंडोजवर हेडरमधला डीएलएल-इम्पोर्टचा मॅक्रो टेस्टपुरता रिकामा ठेव. फायलीत स्टॅटिक करून दडवलेलं फंक्शन असेल तर ते आतल्या हेडरमध्ये काढ, तो हेडर इन्स्टॉल करायचा नाही एवढंच. आणि टेस्टसाठी #define private public लिहून क्लासमधलं प्रायव्हेट सगळं पब्लिक करायची आयडिया कोण सुचवली तर त्याला लांबनंच नमस्कार.

एवढं कशाला म्हणशील तर माझंच सांगतो. शिरोली एमआयडीसीत असताना आम्ही वजनकाट्याची लायब्ररी लिहिलेली, काट्याचा आकडा दाखवणारा इंडिकेटर सिरियल पोर्टवरनं बाइट पाठवतो त्यातनं वजन काढायचं. काट्याच्या केबिनमधल्या विंडोज पीसीवर झकास. तेच रास्पबेरी पाय या छोट्या लिनक्स कॉम्प्युटरवर टाकलं आणि ऐन उसाच्या सीझनला आकडा मधनंच गोठायला लागला, बाहेर ट्रॅक्टरची ही लाइन, आणि ड्रायव्हर लोकांच्या शिव्या तर लिहिण्यासारख्या नाहीत. पब्लिक फंक्शन एकच, वजन दे, त्याला खरा पोर्ट लागतो, मग टेस्ट कशी करणार? शेवटी फ्रेम (इंडिकेटरकडनं येणारा एका वेळचा बाइटचा गठ्ठा) वाचणारं आतलं फंक्शन असंच वेगळं जोडून त्याला पोर्टऐवजी बफरमधनं अर्धवट फ्रेम दिली. पीसीवर टेस्ट पास, पायवर संपेचना. बाइट नसला की उणे १ यायचा आणि आम्ही तो char टाइपमध्ये ठेवून शून्यापेक्षा कमी आहे का बघत होतो. पीसीवर char साइन्ड, म्हणजे उणे आकडा धरणारा, पायच्या लिनक्सवर अनसाइन्ड, म्हणजे उणे न धरणारा, तिथं उणे १ चा २५५ झाला आणि लूप बसला वाट बघत. char च्या जागी int, एका शब्दाचा बदल. म्हणून टेस्ट ज्या ज्या मशीनवर माल जाणार तिथं तिथं पळव, नुसतं तिथं कंपाइल होतंय म्हणून सोडू नको.

हां, चार-पाच टेस्ट मात्र खऱ्या डीएलएलला जोडून ठेव, फक्त पब्लिक फंक्शन हाक मारणाऱ्या. आमचं एक फंक्शन एक्स्पोर्ट करायचंच राहिलेलं, आतल्या सगळ्या टेस्ट हिरव्यागार, आणि आम्हाला ते कळलं गिऱ्हाइकाच्या फोनवरनं.