पुढचा तास

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज पहाटे 3 वाजून 12 मिनिटांनी आलाय. मी पाहिला साडेपाचला, दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तेव्हा, आणि उंबऱ्यात उभा राहूनच शेवटपर्यंत वाचला. ‘पापी’ हा शब्द त्यात सहा वेळा आलाय. पॉर्न बघायचं नाही हा नेम 41 दिवस कडक पाळलास, 42व्या रात्री घसरलास, मग ‘आता गेलंच सगळं’ म्हणत सलग चार दिवस अभ्यासिकेचं तोंड पाहिलं नाहीस. धड जेवण नाही, आंघोळ नाही, पांघरुणात मोबाईल. पाचव्या दिवशी कालनिर्णयची पानं फाडून टाकलीस, कारण त्यावरचे पाळलेल्या दिवसांचे ठिपके बघवेनात. आणि शेवटच्या ओळीत मला विचारतोस, ‘काका, आता परत एकपासून मोजू का?’

नको. मोजूच नकोस.

तू घसरलास एका रात्री, जेमतेम दीड तास. नंतरचे चार दिवस त्या दीड तासाने खाल्लेले नाहीत. ते खाल्ले त्याच्या पुढच्या तासाने, ज्यात तू दिवा न लावता, भिंतीकडे तोंड करून, स्वतःला शिव्या देत पडून राहिलास. साठवलेली पुंजी बुडाली म्हटलं की माणूस खिशातली चिल्लरही उधळून टाकतो, तसं झालं तुझं. अमेरिकेत सिॲटलला ॲलन मार्लाट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. दारू सोडू पाहणाऱ्यांमध्ये त्यांनी नेमकं हेच टिपलं होतं. पहिला घोट माणसाला जेवढा खाली नेतो, त्याहून खोल त्याला ‘मी मोडलो, मी असलाच’ ही भावना नेते. मार्लाटांचं नाव मला फार उशिरा कळलं. तोवर बरीच वर्षं मी हे अंगावरच काढलं होतं.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, आणि तू कंटाळलास तरी मी तेच सांगणार. पुढचा तास सांभाळ. घसरलास? बरं. उठ, दिवा लाव, तोंड धू. मोबाईल खोलीबाहेर, चपलांच्या रॅकवर ठेव. पण त्याआधी एका माणसाला कळव. रात्रीचे तीन असोत नाहीतर पाच. ‘झालं’ एवढा एक शब्द पुरे. सहा वेळा पापी लिहायची गरज नाही, तो एक शब्द मला कळतो.

हे एवढं ठासून का सांगतोय, ते ऐक.

2007 साली आमच्या घरी ब्रॉडबँड आलं. त्याआधी माझं सगळं सायबर कॅफेच्या पडदा लावलेल्या केबिनमध्ये चालायचं, तासाला पैसे मोजून. घरी कॉम्प्युटर आल्यावर तेवढाही अडसर उरला नाही. मीही तुझ्यासारखा मोजायचो, फक्त उलटं. घसरलो त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक ठिपका. त्याच चौकोनात बायको दुधाचा हिशेब लिहायची. एक लिटर, दीड लिटर, आले नाही. एका महिन्याच्या शेवटी ती हिशेबाला बसली आणि तिने विचारलं, ‘हे ठिपके कसले?’ माझ्या तोंडून पटकन निघालं, ‘पेपरवाल्याचे खाडे.’

नऊ ठिपके होते. तिने पेपरच्या बिलातून नऊ दिवसांचे पैसे कापले. बिल घ्यायला यायचा तो मुलगा असेल सोळा-सतरा वर्षांचा, सकाळी पेपर टाकून रात्रशाळेत शिकणारा. तो दारात उभा राहून म्हणत होता, ‘काकू, शपथ, मी एक दिवस चुकवला नाही.’ बायको म्हणाली, ‘आमच्या ह्यांनी खुणा करून ठेवल्यात, बघ.’ तिने त्याला कॅलेंडरच आणून दाखवलं. मी आतल्या खोलीत होतो. मला सगळं ऐकू येत होतं. त्याने कापलेलं बिल घेतलं आणि गेला. पुढच्या महिन्यापासून तो दाराची कडी वाजवून, कोणीतरी बघतंय याची खात्री करून मग पेपर ठेवायला लागला.

त्या मुलाचं नाव आठवतं मला. ते नऊ दिवसांचे पैसे मी कधीच दिले नाहीत. नंतर द्यावेसे वाटले तेव्हा तो लाइन सोडून गेला होता.

काय बघत होतो, किती वेळ बघत होतो, याची लाज आता फारशी उरली नाही. या प्रसंगाची आहे. त्या संध्याकाळीही माझ्या हातात तो पुढचा तास होता. बाहेर येऊन एवढंच म्हणायचं होतं, ‘त्याचे पैसे दे, ठिपके माझे आहेत.’ बाकीचं नंतर बोललो असतो. तेव्हा मुलगी लहान होती, सासऱ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, घरात आधीच ताण होता, हे खरंच आहे. तेव्हा सांगितलं असतं तर संसार मोडला असता असं मला वाटायचं, आणि अजूनही मी ते अगदी चूक म्हणणार नाही. पण नऊ दिवसांचे पैसे देऊन संसार मोडला नसता.

आता तुझ्या मेसेजमधल्या ज्या गोष्टींवर मला राग आला, त्या सांगतो.

एक, वीर्यनाशाची भीती घालणारे ते व्हिडिओ. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, म्हणून तुझी स्मरणशक्ती गेली आणि पूर्वपरीक्षेत कट-ऑफला चार गुण कमी पडले, असं लिहिलंयस. राज्यशास्त्राचे पाठ तोंडपाठ असलेला मुलगा तू! ही भीती इतकी जुनी आहे की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 1960 मध्येच तिला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं होतं, धात म्हणजे वीर्य. आपल्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत होते. लोक त्यांना लाजत लाजत हेच प्रश्न लिहून पाठवायचे आणि ते उत्तरं छापायचे. त्या उत्तरांपायी 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. माणसं सरळ उत्तरासाठी कोर्टाची पायरी चढली, आणि नव्वद वर्षांनी तू रेल्वेलाइनच्या भिंतीवरच्या जाहिरातीतलं खरं मानतोस? तुझे चार गुण चाळीस थेंबांनी गेलेले नाहीत. ते रात्री तीनपर्यंत जागून सकाळच्या टेस्टला डुलक्या काढल्याने गेले.

दुसरी गोष्ट, ‘90 दिवसांत मेंदू पहिल्यासारखा होतो’. जो हे सांगतो त्याला विचार, हा आकडा आणला कुठून. तुझ्या मेंदूला तारीख कळत नाही.

तिसरी, तू स्वतःच स्वतःला ‘ॲडिक्ट’ असा शिक्का मारून मोकळा झालास. यावर डॉक्टरांमध्येही वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटण्याचा विकार आहे, पण तो व्यसनांत धरलेला नाही, आवेग न आवरण्याच्या विकारांत धरलाय. निकषही ढिले नाहीत. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ ताबा सुटलेला, सोडायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसलेले, काम, तब्येत, नाती यांची आबाळ होतेय, किंवा त्यातून सुख मिळेनासं झालं तरी थांबता येत नाही. आणि त्यात एक गोष्ट स्पष्ट म्हटलीय. ‘हे वाईट आहे’ एवढ्याच अपराधीपणामुळे होणारा त्रास म्हणजे हा विकार नव्हे. तेव्हा तुझ्यात विकार किती आणि नुसती शरम किती, हे डॉक्टरला ठरवू दे. तू आणि मी ठरवायचं नाही. तुला जायलाच हवं असं मात्र मला वाटतं, कारण चार दिवस न जेवता पडून राहणं हे नुसत्या शरमेचं लक्षण मला दिसत नाही. त्यामागे उदासी असू शकते, आणि तिच्यावर उपचार आहेत.

एवढं बोललो, आता जरा शांतपणे बोलतो. तू वर्षभरात मला पाठवलेले मेसेज परत वाचले. चार वेळा घसरलास, त्यातल्या तीन रविवारच्या रात्री आहेत. हे तुझ्या लक्षात आलंय का? रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट, रात्री मेस बंद. सोबती गावी किंवा पिक्चरला. तू दुपारी जड जेवून झोपतोस, सातला उठतोस, बाहेर जायचा कंटाळा म्हणून बिस्किटाचा पुडा फोडतोस आणि मोबाईल घेऊन कॉटवर पडतोस. तुझे 41 ठिपके हे तुला कधीच सांगू शकले नसते. ठिपका फक्त पास का नापास एवढंच सांगतो. रविवारी संध्याकाळी कुठे असायचं, कोणाबरोबर जेवायचं, हे शनिवारीच ठरव. कोणी नसेल तर माझ्याकडे ये. पिठलं-भाकरी असेल.

इच्छेची लाट आली की ती वाढतच जाणार असं आपल्याला वाटतं. तशी ती जात नाही. तिला खतपाणी न घालता अर्धा-पाऊण तास काढलास, जिना उतरून चहा प्यायला गेलास, तर ती ओसरते. हे मी शेकडो वेळा अंगावर पाहिलंय. आणि नाही ओसरली, घसरलास, तर पुढचा तास आहेच.

मोजण्यावरून माझं ज्यांच्याशी भांडण आहे ती चांगली माणसं आहेत. आमच्या गटात, दारू सोडणाऱ्यांच्या धर्तीवर चालणाऱ्या गटात, तीस दिवस, नव्वद दिवस, वर्ष, असे टप्पे साजरे करतात. टाळ्या वाजतात. त्या टाळ्यांनी काहीजण तरले, मी डोळ्यांनी पाहिलंय. मी मात्र कधी टप्पा सांगितला नाही. दोनदा मला म्हटलं गेलं की हा हट्ट आहे, अहंकार आहे. असेल. पण दोनशे दिवस झालेला एक माणूस घसरल्यावर आम्हाला तोंड दाखवायला लाजला आणि परत कधीच आला नाही, तेव्हा मी ठरवलं की ज्या आकड्यामुळे माणूस दारातून आत यायला घाबरतो तो आकडा मला नको. तो रात्री घसरून सकाळी आला असता, तर आम्ही त्याला चहा दिला असता. एवढंच करायचं असतं आम्हाला. मी इतका चिडून का बोलतो, हे आता तरी तुझ्या लक्षात आलं असेल.

आईला काय तोंड दाखवू, असं विचारलंयस. आईला हे सांगायची आत्ता गरज नाही. वय, नातं, वेळ बघून माणूस निवडावा लागतो. मी बायकोला स्वतःहून सांगितलं नाही, तिने पकडलं. रात्री दोन वाजता ती दारात उभी होती. तिने विचारलं, ‘कधीपासून?’ मी म्हणालो, ‘आजच.’ त्यानंतर कितीतरी वर्षं तिला वाटत राहिलं की तिच्यातच काही कमी आहे. ती आरशासमोर कमी वेळ उभी राहायला लागली, चांगल्या साड्या कपाटात पडून राहिल्या, आणि मी ते बघत होतो. हे भरून निघालेलं नाही. आम्ही एकत्र आहोत, बरे आहोत, पण हे भरून निघालेलं नाही. तुझं लग्न व्हायचंय. तू तिला ‘आजच’ म्हणू नयेस, म्हणून मी पहाटे उठून हे पत्र लिहितोय.

उद्या सकाळी 14416 ला फोन लाव. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. नाव सांगायचं नसेल तर नको सांगूस. प्रत्यक्ष डॉक्टरकडे जायचं म्हणालास तर मी येतो, बाहेर बाकावर बसतो. फाडलेली पानं परत चिकटवू नकोस. पुढच्या रविवारी सात वाजता घरी ये, आणि त्याआधी कधी घसरलास तर त्याच रात्री फोन कर.

मी झोपेत असलो तर फोन बायको उचलते. बावरू नकोस, ‘काकांना द्या’ एवढंच म्हण. ती काही विचारणार नाही. एवढ्या रात्री मला कोणाचे फोन येतात हे तिला माहीत आहे, आणि मला उठवायच्या आधी ती दिवा लावते.

तुझा,
काका